कर्दळींना सांगायचं राहिलं

या, आत या. जोडे राहू द्यात, ही फरशी तशीही रोज पुसावीच लागते. कर्दळीचे गड्डे मागायला आलात ते बरं केलंत. कुणी झाडं मागितली की मला आवडतं. फक्त मागच्या अंगणात उभं राहून एन्नोबद्दल बोलायचं नाही. मघाशी तुम्ही 'ऐकून वाईट वाटलं' म्हणायला तोंड उघडलंत आणि मी खुणेनेच गप्प केलं, त्याचा राग मानू नका. तुम्ही नवीन आहात, आल्मुटच्या घरात येऊन जेमतेम महिना झाला असेल. बसा, दिवा लावते. खडीसाखर आधी कपात टाका, मग चहा, मग साय. आणि ढवळू नका.

एन्नो माझा नवरा. जहाजावर आचारी होता, केळी आणणाऱ्या बोटींवर. उभा जन्म गरम बंदरांतून हिंडला आणि म्हातारपणी नशिबात काय आलं, तर दलदलीच्या काठावरचं हे विटांचं घर. मागे थुजाच्या झुडपांचं कुंपण, त्यामागे काळी माती आणि वारा. त्यात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं तेवढं उरलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. डॉक्टरीणबाई मला दारापाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "फ्राउके, हा उन्हाळा मिळेल त्याला. हिवाळ्याचं मात्र मी काही सांगत नाही."

मी म्हटलं, "हिवाळ्याचं मी बघते." मी पहिल्यापासून हट्टी. माझी आई म्हणायची, या पोरीला विहिरीत ढकललं तरी ही बादली भरूनच वर येईल.

त्याची चाकांची खुर्ची मागच्या खिडकीशी ठेवली होती. एक दिवस तो म्हणाला, "काय बघू इथून... गवत?" आणि जरा वेळाने, "मोठ्या पानांचं काहीतरी... हवं होतं." झालं. त्याला आता गरम देशात नेता येणार नव्हतं, तेव्हा गरम देशच खिडकीपाशी आणायचा असं मी ठरवलं.

थुजा मुळासकट काढला. सगळी हिरवळ उलटी केली, घोड्याची लीद घातली, वाऱ्याच्या बाजूला बोरूच्या चटया उभ्या केल्या. एरंड पेरला, अळूच्या कुंड्या आणल्या, थंडीत पेंढ्यात गुंडाळून ठेवता येते ती केळ लावली. पण अंगण दाट व्हायचं तर कर्दळच हवी. मागे काळपट-तांबड्या पानांची, माणसाहून उंच. मध्ये हिरवी, आणि पुढे बुटकी, पिवळ्या-शेंदरी फुलांची. वाट वाकडी काढली, म्हणजे खिडकीतून अंगणाचा शेवट दिसणार नाही. शेवट दिसला की सगळं खोटं वाटतं.

पलीकडच्या घरातला हिन्नर्क बाजूच्या कुंपणावर कोपरं टेकून रोज मजा बघायचा. "फ्राउके, माकडं कधी सोडतेस?"

"एक आलंय की कुंपणावर," मी म्हणायची. "दुसऱ्याला जागा नाही."

एवढे गड्डे आणायचे कुठून? गावात सगळ्यांत चांगली कर्दळ आल्मुटची, तुमच्या घरात आधी राहायची तिची. फार बोलायची नाही. लाकडी जोडे घालून दिवसभर बागेत खटखट करायची, एवढाच तिचा आवाज. त्या फेब्रुवारीत ती झोपेतच गेली. तिची बहीण गेशे बेटावरून आली आणि तिने रीतसर सगळं केलं. घड्याळ थांबवलं, आरसा झाकला. मग सफरचंदाच्या झाडाला, मांजरीला, खिडकीतल्या कुंड्यांना एकेक करून सांगितलं, "तुमची मालकीण गेली." आमच्याकडे हे सांगावंच लागतं. मधमाश्या असल्या तर त्यांच्या पेटीवर टकटक करून सांगतात.

कर्दळीचे गड्डे तेव्हा तळघरात होते. आमची थंडी तिला सोसत नाही. पहिला कडाका पडून पानं काळी झाली की खोडं छाटायची, गड्डे उपसायचे आणि खाली वाळूत निजवायचे. गेशे मला म्हणाली, "घेऊन जा सगळे. एन्नोला बघायला होतील." मी ढकलगाडी भरून आणले. बाहेर कधी लावायचे? मे महिन्यातले हिमसंत, म्हणजे ज्या संतांच्या दिवसांत थंडी एकदा उलटून येते ते, जाऊ द्यायचे, त्यातला शेवटचा गारठ्या सोफीचा दिवस जाऊ द्यायचा, त्याआधी कोंबसुद्धा बाहेर काढायचा नाही. सोफी गेली आणि दुसऱ्याच दिवशी मी लावायला घेतले.

आणि काय वाढली म्हणता. जूनमध्ये कमरेला, जुलैत डोक्यावर. सकाळी खिडकी उघडली की खोलीत हिरवा उजेड पडायचा आणि एन्नोच्या तोंडावर यायचा. त्याला भूक लागायला लागली. डाव्या हाताने तो काय काय दाखवायचा, त्या बंदरातली पानं अशी होती, तिथला पाऊस असा होता. मला वाटलं, जिंकलं आपण.

फक्त एक होतं. सकाळी मी झारी घेऊन जायची तेव्हा माती आधीच ओली असायची. पाऊस नाही, काही नाही, आणि बुंध्यांशी नीट आळी करून पाणी घातलेलं. सुकलेली फुलं खुडून, पालथी करून, ज्या त्या झाडाच्या पायाशी ठेवलेली. मला वाटलं हिन्नर्कला उपरती झाली. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी माझ्या बायकोच्या बागेला पाणी घालत नाही, तुझ्या कशाला घालू?"

मग संध्याकाळी आवाज यायला लागला. सूर्य कलला की बोरूच्या चटईमागून खट... खट... खट. सावकाश, पायाखाली बघत चालावं तसा. आणि वास, तळघरातल्या ओल्या वाळूचा, भर उन्हाळ्यात. मी अंगणात गेले की आवाज थांबायचा. पानं हलायची, पण वारा असला की ती हलणारच.

एन्नोला विचारलं. तो अगदी सहज म्हणाला, "आल्मुट येते ना."

"एन्नो, आल्मुट गेली. तुला सांगितलं होतं मी."

"तिला नाही वाटत तसं," तो म्हणाला. "काल खिडकीशी आली होती. म्हणाली... यंदा थंडी लवकर आहे. जे टिकणार नाही ते सगळं... आत न्यायला हवं."

 मी खिडकी लावून घेतली आणि गेशेला फोन केला. सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं,

"फ्राउके, गड्ड्यांना तू सांगितलंस ना? आल्मुट गेल्याचं?"

"मी? मला वाटलं तू सांगितलंस. तू तर मांजरीलासुद्धा सांगत होतीस."

"मी वरच्या सगळ्यांना सांगितलं," गेशे म्हणाली. "खाली झोपलेल्यांचं माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे त्यांना माहीतच नाही. आणि झाडांना माहीत नसलं की... गेलेल्यालाही माहीत होत नाही. ती अजून तिचं काम करतेय. जा, सांग त्यांना. कडाका पडायच्या आत सांग."

तुम्ही म्हणाल, मग लगेच का नाही सांगितलं? सांगणार होते. पण सांगितल्यावर झाडं मलूल झाली तर? एन्नो त्या पानांवर जगत होता. शिवाय सप्टेंबरात ऊन होतं. आमच्याकडे कडाका ऑक्टोबरच्या मध्यावर येतो. मी म्हटलं, आठवडाभर बघू दे त्याला.

त्या वर्षी कडाका आधीच आला. पहाटे जाग आली ती शांततेने. काहीच आवाज नव्हता. मी बाहेरच्या खोलीत आले तर खिडकीशी खुर्ची नव्हती. चाकांच्या ओल्या रेघा मागच्या दारातून बाहेर गेल्या होत्या.

अंगण पांढरं पडलं होतं. सगळी कर्दळ काळी, आणि अर्धी कर्दळ छाटलेली. खोडं एका बाजूला रचून ठेवली होती, गड्डे ओळीने मांडले होते. फावडं मातीत रुतलं, वर आलं, पुन्हा रुतलं. ते धरणारं तिथे कुणी नव्हतं. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि मी उगीच काहीबाही बघणारी बाई नाही.

एन्नोची खुर्ची आमच्या तळघराच्या दाराशी होती. इथे पाणी वर लागतं म्हणून तळघर अर्धंच जमिनीत असतं, त्याचं दार अंगणातच आहे. ते उघडं होतं. एन्नोच्या अंगावर घोंगडी नीट खोचलेली, पायांभोवती पेंढा भरलेला. तो घाबरलेला नव्हता, त्याचंच मला जास्त भय वाटलं.

"थंडी पडली, फ्राउके," तो म्हणाला. "आत चल म्हणते... मे महिन्यात परत बाहेर काढीन म्हणते."

खुर्ची पुढे सरकली. मी ती दोन्ही हातांनी मागे ओढली. दुसऱ्या बाजूला बळ होतं, बागेत राबलेल्या बाईचं असतं तसं, आणि वाळूचा वास इतका आला की श्वास कोंडला. मी खुर्ची सोडली नाही. तशीच मान वळवली आणि त्या काळ्या पानांना ओरडून सांगितलं, "ऐका. आल्मुट गेली. फेब्रुवारीतच गेली. तुमची मालकीण गेली."

खुर्ची एकदम हलकी झाली. मागे फावडं पडलं. आणि तळघरातून, अगदी पायरीशी, एक आवाज आला. रागाचा नाही, ओशाळलेला.

"अगं बाई... मला कुणी बोललंच नाही."

मग खट... खट... आवाज शेतांकडे गेला आणि थांबला. उरलेले गड्डे मीच उपसले. थंडी कुणासाठी थांबत नाही.

एन्नो जानेवारीत गेला. घरात, आपल्या बिछान्यात, माझा हात धरून. हिवाळा निघाला नाही. डॉक्टरीणबाईंचं खरं झालं आणि माझं खोटं. त्या रात्री मी त्याच्याशेजारी बसले होते आणि आल्मुट डोक्यातून जाईना. बाई मेली होती, तरी सबंध उन्हाळाभर पाणी घालत होती, माझ्या नवऱ्याशी गप्पा मारत होती. का? तर कुणी सांगितलं नव्हतं. एवढंच.

गेशे मातीला आली. कॉफी झाल्यावर मला बाजूला घेऊन तिने विचारलं, "खालच्यांना सांगितलंस ना या वेळी?"

"सांगितलं," मी म्हटलं. तिच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलं.

सोफी गेली आणि गड्डे लावले. पाठ वळवून घरात आले तर मागे खुर्चीचा नाही, पावलांचा आवाज. दोन्ही पाय टेकत चालणाऱ्याचा. सकाळी खिडकीच्या चौकटीवर काळ्या मातीचे ठसे होते, डाव्या हाताचे आणि उजव्याचेही. मी रडले. इतकं रडले की हिन्नर्क कुंपणावरून म्हणाला, "काय गं, माकड मेलं का?" मी त्याला म्हटलं, गप्प बस, इथे काही बोलू नकोस.

संध्याकाळी मी तिथे स्टुलावर बसते. तो दिसत नाही. पानं बाजूला होतात आणि माझ्याशेजारची जागा गरम होते. तेवढं मला पुरतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी. गड्डा आतून कुजलाय की नाही हे वरून कळत नाही, अंगठ्याने दाबून बघावं लागतं. मऊ लागला की त्यावर काळ्या चिखलाचा अंगठा उठवून तो बाजूला काढायचा. हे काम एन्नो करायचा, मांडीवर टोपली घेऊन, डाव्या हाताने. अजून करतो. आणि आता फक्त गड्डेच दाबत नाही. जुलैमध्ये हिन्नर्कच्या खांद्यावर तसला डाग दिसला. तो म्हणाला, चिखल उडाला असेल. ऑगस्टमध्ये त्याला पोचवून आलो आम्ही. धडधाकट माणूस.

मलाही तो दाबून बघतो, खांद्याशी. मी रोज रात्री आरशात पाठ बघते. डाग नाही. मी अजून कडक आहे आणि इतक्यात मऊ व्हायचा माझा विचार नाही. पण एक दिवस होईनच. तेव्हा गेशे येईल आणि झाडांना सांगत सुटेल, माझं आणि त्याचंही. मग आम्ही दोघं कुठे जाणार? म्हणून मला शेजारी कुणीतरी हवं होतं. तरुण, तब्येतीने चांगलं, तोंड बंद ठेवणारं. माझ्यामागे गड्डे सगळे तुमचे, वाळूसकट. फक्त त्यांना काही सांगायचं नाही. एवढं एक वचन द्या, म्हणजे मी...

थांबा. जरा दिव्याकडे पाठ करा बघू.

नाही, काही नाही. मघाशी कर्दळीपाशी उभे होतात, तेव्हा तुमच्या खांद्याला कशाचा तरी धक्का लागला का?