लाल कार्डानंतर

सामना संपून बराच वेळ झाला तरी लोवेनाची गाडी काही सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसती खर्रर्र... आणि पुन्हा गप्प. समुद्रावरचं धुकं मैदानामागे उतरलं होतं आणि बारीक भुरभुर काचेवर रेंगाळत होती.

"ढकलू का?"

ती दचकली. काचेपाशी वाकून उभा होता पेरन, ट्रेवारा क्लबचा कप्तान. आज दुपारीच तिने त्याला लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर घालवलं होतं!

"तुम्ही...?"

"बाकीचे अजून अंघोळीच्या रांगेत आहेत. तुमच्या कृपेने माझी कधीच उरकली."

लोवेनाला हसू आवरलं नाही. "रागावला नाहीत?"

"त्यांच्या स्ट्रायकरला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं मी. रागावू कुणावर?"

"मैदानात तर हातही लावला नाही म्हणून आईची शपथ घेत होतात!"

"कप्तानाला तेवढं करावंच लागतं," तो बाह्या सरसावत म्हणाला. "बसा आत. मी ओरडलो की क्लच सोडा."

उताराच्या टोकाशी गाडी एकदाची खोकली आणि धावायला लागली. लोवेनाने आरशात पाहिलं. पेरन नखशिखांत चिखलाने माखला होता.

"अंघोळ फुकट गेली की हो!" तिने खिडकीतून ओरडून सांगितलं.

त्याने हात जोडले.

आठवडाभर लोवेना पोहण्याच्या तलावावर मुलांना हातपाय मारायला शिकवायची आणि शनिवारी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या या हौशी फुटबॉल लीगमध्ये पंच म्हणून शिट्टी वाजवायची. इथले सगळेच असे. गोलकीपर खाटीक, तर स्ट्रायकर पोस्टमन. पेरन शेतांना दगडी बांध घालायचा. त्याच्या तळहातांवरून ते कळायचंच. पण लोवेनाला याच्या वरच्या लीगमध्ये जायचं होतं. गेली चार वर्षं ती पाऊस, वारा आणि शिव्या झेलत होती ती त्यासाठीच.

पुढच्या शनिवारी ती दुसऱ्याच गावी सामना घेत होती. मध्यंतराला कठड्यापाशी पेरन उभा! हातात कागदात गुंडाळलेली गरमागरम पेस्टी, मांस-बटाटा भरलेली इथली मोठी करंजी.

"तुम्ही इथे काय करताय?"

"मला बंदी लागलीय ना. शनिवारी घरी बसलो की आई कुंपण रंगवायला लावते." त्याने पेस्टी पुढे केली. "सात नंबरला पिवळं कार्ड द्यायला हवं होतं बरं का."

"माझं मला कळतं!"

"ते मला चांगलंच ठाऊक आहे."

तो त्यापुढच्या शनिवारीही आला... आणि नंतरच्याही. सामन्यानंतर दोघं टपरीवर चहा घेत. वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले की तो बोलता बोलता मध्येच थांबायचा.

"मला 'तू' म्हण ना," तो एकदा म्हणाला.

"मी खेळाडूंना अरे-तुरे करत नाही."

"सध्या मी खेळाडू नाहीच!"

ती कपात पाहत हसली. "बरं... तू. बंदी उठेपर्यंत."

आणि बंदी उठली. त्याच आठवड्यात पंचांच्या नेमणुका करणाऱ्या रोझवॉर्नकाकांचा फोन आला.

"पोरी, शेवटचा सामना तुला देतोय. ट्रेवाराचा. हरले तर खालच्या लीगमध्ये जातील. आणि ऐक, परीक्षक येणार आहेत तुला पाहायला. नीट केलंस तर पुढच्या हंगामात वर जाशील."

"काका, हा सामना... मला नको."

"वेड लागलंय का तुला? याचीच तर वाट पाहत होतीस!"

"त्यांचा एक खेळाडू..." ती अडखळली. "मला आवडतो."

मग काका हळूच म्हणाले, "त्याला माहीत आहे?"

"अजून नाही."

"म्हणजे मलाच आधी सांगितलंस! बरं... दुसरा पंच बघतो. पण परीक्षक वर्षभर परत यायचे नाहीत, हं."

"ठाऊक आहे, काका."

फोन ठेवल्यावर ती थोडं रडलीसुद्धा.

शनिवारी ती तिकीट काढून गर्दीत उभी राहिली. शिट्टीशिवाय हातांचं काय करावं ते तिला कळेना. ट्रेवारा एका गोलने मागे होते. अगदी शेवटी कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला पेरनने उंच उडी मारून डोकं लावलं...

"जाऽऽ!" लोवेना किंचाळली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एक बाजू घेतली होती.

चेंडू खांबावर आदळून बाहेर गेला. सामना संपला.

पेरन गुडघ्यांत डोकं घालून चिखलात बसून राहिला. मग उठून त्याने संघातल्या पोरांना एकेकाला आत पाठवलं, आणि तो कठड्याकडे वळला तेव्हा त्याला ती दिसली.

"तू? आज तर तुझा सामना होता म्हणे. परीक्षक येणार होते ना?"

"मी नाही म्हटलं."

"का?"

"तुझ्याविरुद्ध शिट्टी वाजवायला मला भीती नव्हती रे," ती म्हणाली. "पण तुझ्या बाजूने वाजवली असती... तर माझाच माझ्यावर विश्वास बसला नसता. मला तू आवडतोस, पेरन. फार."

"पण तुझं... वर जाणं?"

"राहिलं. पुढच्या वर्षी बघू."

"आम्ही खाली गेलो, तूही वर गेली नाहीस..." तो कसनुसा हसला. "मी दुःख करू की आनंद, तेच कळत नाही गं. किती दिवस झाले, तुला सांगायचं म्हणून येतो, आणि पेस्टी देऊन परत जातो!"

"मग आज सांग."

त्याने कठड्यावरून हात पुढे केला आणि चिखल पाहून मागे घेतला. लोवेनाने तोच हात धरून आपल्या गालाला लावला.

"मलाही," तो पुटपुटला. "मलाही तू..."

पुढचं वाऱ्यात उडून गेलं, पण तिला ऐकू आलं होतं. गालावरचा चिखल तिने घरी पोचेपर्यंत पुसला नाही.