निळ्या ठिपक्याच्या मेंढ्या

मेंढी भिंतीला डोकं टेकवून उभी होती. हलत नव्हती, खात नव्हती. श्रीमंतनं तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला, तरी पापणी लवली नाही. डोळे टक्क उघडे होते, पण तिला काहीच दिसत नव्हतं. दात मात्र करकर वाजत होते.

"श्रीमंत, मागं ये," गौरम्मा म्हणाली. 

पण श्रीमंत मागे यायच्या आत मेंढीच कोसळली. मान मागे वळली, पाय ताठ झाले. गौरम्मानं धीर करून तिच्या तोंडाजवळ वाकून पाहिलं. श्वासाला गोडसर वास येत होता, पिकून सडलेल्या सीताफळासारखा. गौरम्माचा धाकटा भाऊ गुरुलिंग कुंपणाबाहेर उभा राहून रडकुंडीला आला होता.

मेंढ्या राखणारा धोंडप्पा घागर घेऊन आला. त्यानं मेंढीकडे एकदाच पाहिलं आणि नजर वळवली. "आधीच्या दोघी बी अशाच गेल्या," तो पुटपुटला. "भानामती हाय ही."

श्रीमंत मुखेडहून सुट्टीला मामाकडे आला होता. जळकोटच्या पुढे, माळावरच्या त्या लहानशा गावात गौरम्मा आणि गुरुलिंग त्याचे शेजारी. त्यांच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. सुट्टीभर पोहायचं असं तिघांनी ठरवलं होतं, पण विहिरी तळाला गेल्या होत्या. लातूर शहराला तर त्या उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी येत होतं. गावात टँकर यायचा तेव्हा सगळं गाव घागरी घेऊन पळायचं.

श्रीमंतच्या मामांनी, म्हणजे शेषेरावांनी, आदल्या वर्षी एका नव्या जातीच्या मेंढ्यांचा कळप आणला होता. साध्या मेंढीला एक कोकरू होतं, या जातीच्या मेंढीला बरेचदा दोन. गावात त्याचं मोठं कौतुक होतं. पण मामांचा पाय हल्ली घरात ठरत नव्हता. उदगीरचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून सभा चालल्या होत्या आणि मामा प्रत्येक सभेला हजर. नवा जिल्हा झाला की पाणी येईल, रस्ते येतील, असं ते येता-जाता सांगायचे. मेंढ्यांकडे बघायला त्यांना वेळ नव्हता.

त्या दिवशी मात्र मामा सकाळीच परतले. पडलेली मेंढी पाहून त्यांचा चेहरा उतरला. ओट्यावर माणसं जमली आणि भानामतीचीच बोलणी सुरू झाली. कुणी केली असेल? कोण येतं मेंढ्यांच्या वाड्याकडे? तेवढ्यात गुरुलिंग बोलून गेला, की त्यानं गुणाआजीला कुंपणाशी काहीतरी पुटपुटताना पाहिलं होतं.

ओट्यावरच्या सगळ्या माना एकदम गुणाआजीच्या झोपडीकडे वळल्या.

गुणाआजी वाड्यापलीकडच्या झोपडीत एकटी राहायची. तिला कुणी नव्हतं. मामा म्हणाले, भानामती ओळखणाऱ्या जाणत्याला घेऊन येतो, दिवस मावळायच्या आत तो काय ते सांगेल. एकजण म्हणाला, सांगायचं काय त्यात, म्हातारीला गावाबाहेर काढा. कुणीही त्याला अडवलं नाही.

गुरुलिंगचा चेहरा पांढराफटक पडला. "अक्का, मी नुस्तं बघितलं तेवढं सांगितलं," तो बहिणीला म्हणाला. "तिला मारतील का गं?"

गौरम्मानं त्याला जवळ ओढलं. तिला गुणाआजीची भीती वाटत होती, आणि ओट्यावरच्या माणसांची त्याहून जास्त.

आजी तिथं काय करते हे आपण स्वतः बघू, असं श्रीमंतनं सुचवलं. तो धिटाईनं बोलत होता, पण त्याचा आवाज चिरकत होता.

दुपारी टँकर आला आणि धोंडप्पासकट सगळे तिकडे धावले. तिघं वाड्यातल्या कडब्याच्या गंजीमागे दबा धरून बसले. ऊन मी म्हणत होतं. पडलेली मेंढी अजून करकर दात खात होती आणि तो आवाज ऐकून गुरुलिंगनं कान झाकून घेतले होते. मग कुंपणाची काटेरी फांदी सरकली. गुणाआजी वाकून आत आली. पदराखाली काहीतरी लपवलं होतं आणि ओठ हलत होते.

 म्हातारी थेट पाठीवर निळा ठिपका असलेल्या मेंढ्यांकडे गेली. एका मेंढीचं तोंड उघडून तिनं आत काहीतरी घातलं.

श्रीमंतनं गौरम्माचा हात घट्ट धरला. पळून जावं असं तिला फार वाटलं. पण आत्ता पळालो तर खरं कधीच कळणार नाही, हेही तिला कळत होतं. ती हात सोडवून गंजीमागून बाहेर आली.

"आजी, काय चारलंस तिला?"

गुणाआजी इतकी दचकली की पदर सुटला. भाकरीचे वाळके तुकडे आणि गुळाचा खडा जमिनीवर पडला.  मुलं तिला भीत होती आणि ती मुलांना.

"कुणाला सांगू नको, माय," ती म्हणाली. "उपाशी हायत त्या. रोज वरडायल्यात. माझ्यानं ऐकवंना म्हणून आल्ते. त्यांच्याशीच बोलायल्ते."

उपाशी? दुष्काळ असला तरी मामांनी चारा विकत आणला होता. गौरम्मानं वाड्यात नजर फिरवली. एका बाजूला ठिपका नसलेल्या मेंढ्यांच्या गव्हाणीत कडबा होता, पेंडीचा चुरा होता. मध्ये बांबूची आडकाठी घातली होती, आणि तिच्यापलीकडे निळ्या ठिपक्याच्या मेंढ्यांपुढे फक्त गव्हाचं मूठभर काड. मेलेल्या दोघींच्या पाठीवरही निळा ठिपका होता. पडलेलीच्याही होता.

धोंडप्पा पाणी घेऊन परतला तेव्हा त्यांनी त्याला गाठलं. त्यानं सरळ सांगितलं. जळकोटचे जनावरांचे डॉक्टर मागं यंत्र घेऊन आले होते, त्यांनी मेंढ्यांची पोटं तपासून ठिपके लावले. पुढं मालकांना त्यांचा फोन आला. मालकांचा हुकूम होता, की ठिपकेवाल्यांचा खुराक तोडायचा. पोट फार वाढलंय, खाऊ घातलं तर व्यायला अडतील.

"डॉक्टर असं म्हणाले?" गौरम्मानं विचारलं.

"मालक म्हणाले. डॉक्टरला कुठं म्या इचारलं."

मामा जाणत्याला आणायला मोटरसायकलवर गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. रिकामा टँकर मात्र जळकोटला परत निघाला होता. श्रीमंतनं धावत जाऊन चालकाला विनवलं. गौरम्मानं वडिलांना सांगितलं आणि ते हो म्हणायच्या आतच ती टँकरवर चढली. गुरुलिंग मागे राहिला. मी आजीच्या दाराशी बसतो, असं तो म्हणाला. तो भेदरलेला होता, तरी गेला आणि उंबऱ्यावर जाऊन बसला.

डॉक्टर पंचाक्षरी स्वामी दवाखान्याच्या आवारात एका अडलेल्या गाईपाशी होते. हात कोपरापर्यंत भरलेले. मुलांचं बोलणं ऐकता ऐकता ते थांबले.

"खुराक तोडला? अरे, मी वाढवायला सांगितलं होतं."

मग त्यांनी हातातलं काम चालू ठेवून समजावलं. निळा ठिपका म्हणजे पोटात दोन पिल्लं. शेवटच्या महिना-दीड महिन्यात ती झपाट्यानं वाढतात. पोटात जागा उरत नाही, त्यामुळे मेंढी एका वेळी थोडंच खाऊ शकते. म्हणून तिला भरडा, पेंड असा कसदार खुराक थोडा थोडा, पण अनेकदा द्यायचा. नाहीतर ती स्वतःच्या अंगातली चरबी जाळते, रक्त बिघडतं, श्वासाला गोड वास येतो आणि डोळ्यांपुढे अंधार होतो.

त्यांनी औषधाची बाटली दिली. गाय सुटली की लगेच येतो, तोवर हे पाजा, गूळपाणी द्या, असं सांगितलं. कोकरू जन्मलं तर नाक-तोंड पुसायचं, कोरड्या पोत्यानं चोळायचं आणि तासाभरात आईचा चीक पाजायचा. दुसरं कोकरू बहुधा अशक्त असतं, त्याला विसरायचं नाही.

परतताना त्यांना जीप मिळाली. गावात शिरताच गौरम्मानं जीपमधून उडी मारली. गुणाआजीच्या झोपडीपुढे गर्दी होती. जाणता लिंबू घेऊन उभा होता. दारात गुरुलिंग दोन्ही हात पसरून उभा होता आणि रडत होता, पण हटत नव्हता.

श्रीमंत गर्दीत घुसला. गौरम्मा मात्र वाड्याकडे पळाली, कारण तिथं पडलेली मेंढी वेणांनी विव्हळत होती.

पहिलं कोकरू बाहेर आलं होतं. धोंडप्पा गोंधळून बघत होता. गौरम्मानं त्याला मेंढीचं डोकं उचलून धरायला लावलं आणि औषध थेंबाथेंबानं पाजलं. दुसरं कोकरू आलं ते ओल्या चिंधीसारखं. हालचाल नाही, श्वास नाही. तिनं बोटानं त्याच्या तोंडातला चिकटा काढला आणि पोत्यानं चोळायला सुरुवात केली. हात भरून आले. मेलं, मेलं, असं तिच्या मनात येत राहिलं. धोंडप्पानं सोड म्हणून खूण केली, तरी ती चोळत राहिली.

कोकरू शिंकलं. मग बारीक आवाजात ओरडलं.

तिकडे श्रीमंतनं मामांचा हात धरला होता. आजवर तो मामांपुढे कधी मोठ्यानं बोलला नव्हता.

"मामा, डॉक्टरांचा फोन आला तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

मामांनी आठवून सांगितलं. उदगीरच्या सभेत. भोंगा वाजत होता, दोन पिल्लं आणि खुराक एवढंच ऐकू आलं होतं.

"मग तोडा असं कोण म्हणालं?"

मामांनी मान खाली घातली. बाकीचं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांची गाडी आली. त्यांनी सगळ्यांसमोर तेच सांगितलं, जे मुलांना सांगितलं होतं. जाणत्यानं लिंबू खिशात टाकलं आणि तो कधी गेला ते कुणाला कळलंही नाही. गर्दी एकेक करून पांगू लागली, तसं मामांनी सगळ्यांना थांबवलं. ज्यांच्यापुढे आळ घेतला, त्यांच्यापुढेच माफी मागायची, असं म्हणून त्यांनी गुणाआजीच्या पायांना हात लावला.

तिनं मामांना हाताला धरून उठवलं. मग म्हणाली, "आधी त्या बाकीच्यांना खाऊ घाल, बाबा."

ठिपक्याच्या मेंढ्यांपुढे त्याच संध्याकाळी भरडा आला. आणखी एक मेंढी मात्र वाचली नाही, तिच्यासाठी फार उशीर झाला होता. भिंतीला टेकलेली ती चौथ्या दिवशी स्वतःच्या पायांवर उभी राहिली आणि तिची दोन्ही कोकरं दोन्हीकडून दूध ओढू लागली. त्यानंतर विणाऱ्या मेंढ्यांपाशी कुणी ना कुणी बसायचंच, असा मामांनी नेम केला. सभेला ते एकदाही गेले नाहीत.

गौरम्माचे आजोबा मडिवाळप्पा कधी कुणाची स्तुती करत नसत. पारावर सगळ्यांदेखत त्यांनी तिघांना बोलावलं.

"भ्यालात का रे?"

खोटं बोलावं का, असं श्रीमंतला क्षणभर वाटलं. पण गुरुलिंग आधीच म्हणाला, "लई भ्यालो, अज्जा."

"आम्ही बी भ्यालो," मडिवाळप्पा म्हणाले. "आम्ही भिऊन म्हातारीच्या दारात गेलो. तुम्ही भिऊन खरं शोधाय गेलात. शाब्बास."

गुरुलिंगनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं आणि तो कोकरांना बघायला पळाला.