कंसातलं जनरल

पिंकी नुकतीच झोपली होती, घर गप्प झालं होतं, आणि दारावरची चिमणी चिवचिवली. तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्याच दाराला तसली बेल होती. ती पुन्हा वाजू नये म्हणून मी धावत जाऊन दार उघडलं.

दारात एक उंच माणूस, हातात घडी केलेला कागद. नजर माझ्याकडे नव्हती, माझ्या नावाच्या पाटीवर होती.

"वसुंधरा चुरी, बी.ए., एलएल.बी., कंसात जनरल," त्यानं हळूच वाचलं. "वकीलबाई आहेत का घरात?"

"मीच वसुंधरा. पण मी वकील नाही."

"मग ही पाटी?"

"बाबांनी करून आणली. त्यांना वाटलं, जनरल म्हणजे लष्करातल्यासारखं मोठंच काहीतरी."

तो हसला... आणि आत निजलेली पिंकी दिसताच ते हसू त्यानं ओठांत दाबलं. त्या दाबलेल्या हसण्याकडे मी जरा जास्तच वेळ पाहिलं असेन.

त्याचं नाव हरेश्वर. सातिवलीला भाड्याच्या गाळ्यात तो बाटल्यांची झाकणं बनवायचा. गाळा रिकामा करा म्हणून मालकानं नोटीस धाडली होती. मी त्याला गोखिवऱ्याच्या एका वकिलांचा पत्ता दिला. विषय तिथंच संपायला हवा होता.

पण पुढच्या रविवारी पुन्हा चिवचिव.

"वकील भेटले, काम मार्गी लागलं," तो म्हणाला. "पण ते जनरल काही डोक्यातून जाईना. म्हणजे नेमकं काय हो?"

"कायद्याची दोन वर्षं झाली की जनरल. तिसरं केलं की पूर्ण एलएल.बी. मग सनद मिळते. सनद असली तरच कोर्टात उभं राहता येतं."

"आणि तुमचं तिसरं?"

"पिंकी पोटात असताना दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली. ती रांगायला लागली आणि तिचे बाबा गेले... मग मी नोकरी धरली."

तो 'अरेरे' म्हणाला नाही. पिशवीतून पानात गुंडाळलेली सुकेळी काढली, वाळवून मधासारखी गोड झालेली. "पिंकीसाठी. आईनं वाडीतल्या केळ्यांची केलीत."

मग दर रविवारी एक नवा प्रश्न घेऊन तो यायचा.

"बारावीनंतर थेट जाता येतं का?"

"येतं की. पण पाच वर्षं लागतात."

"मी बी.कॉम. आहे."

"मग तीनच. पण टक्के बघतात."

"मग राहू दे."

"तुम्हाला खरंच वकील व्हायचंय का?" मी एकदा विचारलंच.

"छे." तो खाली बघत चहात बिस्कीट बुडवत राहिला. "मला रविवारी यायला कारण लागतं..."

बिस्कीट तुटून कपात पडलं. आम्ही दोघंही त्याकडेच पाहत राहिलो.

जूनमध्ये तो आला तो बातमी घेऊनच. "तिसऱ्या वर्षाचे प्रवेश सुरू झालेत. संध्याकाळचे वर्ग आहेत."

"माहीत आहे."

"मग?"

"सनद घ्यायची तर पगाराची नोकरी सोडावी लागते. नियमच आहे तसा. आणि नव्या वकिलाकडे येतं कोण? पिंकीला काय वाढू मी?"

पिंकी सुकेळी चाखत त्याच्या शेजारीच बसली होती. त्यानं तिची चिकट झालेली बोटं रुमालानं पुसली. बराच वेळ पुसत राहिला.

"तेव्हा मी असेन," तो म्हणाला. "म्हणजे... तुम्हाला चालणार असेल तर. सनदेसाठी नाही म्हणत. जन्मभर जनरल राहिलात तरी विचारणारच होतो. पण आधी प्रवेश घ्या. माझ्या प्रश्नाचं उत्तर मागाहून दिलंत तरी चालेल."

"प्रवेश घेते," मी म्हणाले. आवाज मलाच नवा वाटला. "आणि दुसरं..."

"आई, तू शाळेत जाणार?" पिंकीनं विचारलं.

"हो गं."

"दप्तर घेऊन?"

"हो."

तिनं विचार केला. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मग शाळा सुटल्यावर तुला न्यायला कोण येणार?"