रूपालीच्या तक्त्यातले विषम आकडे

तक्त्यावर रक्तदाबाच्या चार नोंदी होत्या. अडीचला ११७/७६. तीनला ११३/७१. साडेतीनला ११८/७५. चारला ११५/६९. आठ आकडे, त्यांतले सहा विषम. डॉ. सुलोचना वैरागडेंनी त्या सहांखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली.

पुढच्या ओळीत फक्त वेळ होती. ४.४०. मृत्यू.

रूपाली हिंगणीची, बावीस वर्षांची. २००३च्या ऑगस्टमध्ये सेलूच्या एका खाजगी प्रसूतिगृहात बाळंत झाली आणि रक्तस्राव होऊन गेली. मूल जगलं. तक्रार तिच्या वडिलांची, तानबांची. प्रसूतिगृह डॉ. प्रभाकरराव देशकरांचं, ते वर्ध्याला बसत. त्या दुपारी सेलूला ड्यूटीवर होता डॉ. नीलेश ढोक, नोकरीला लागून चार महिने झालेला. चूक त्याची ठरली तर डॉक्टर म्हणून त्याची नोंदणी जाणार होती.

देशकरांविरुद्ध आधी दोन तक्रारी झाल्या होत्या. दोन्ही ताकिदीवर मिटल्या. दोन्ही ताकिदींखाली चौकशी अधिकारी म्हणून सही सुलोचनाबाईंची होती.

ही तिसरी चौकशीही त्यांच्याकडेच आली होती. त्यांनी आधी नीलेशला बोलावलं.

"सरांना फोन कधी केलास?"

"सव्वातीनला. बीपी ऐंशीवर आलंय, पेशंट मोठ्या दवाखान्यात पाठवतो म्हणालो. सर म्हणाले, हलवू नको, मी निघालोच."

"ते म्हणतात, सगळं ठीक आहे असं तू सांगितलंस. तक्ताही तेच सांगतो."

"मॅडम, मी पाहिला तो तक्ता हा नाही."

"सिद्ध करता येईल?"

बाकावरून तानबा म्हणाले, "बाई, म्या आयकलं ना! फोनपाशीच उभा होतो. ऐंशी म्हणे पोरगा. पन बापाचं कोन आयकते?"

दुसऱ्या दिवशी त्या सेलूला गेल्या. नर्स जयवंताबाईंनी तक्ता हातात घेतला, पण त्याकडे पाहिलं नाही.

"अक्षर तुमचं?"

"मायंच हाये."

"बीपीचं मशीन दाखवा."

जयवंताबाईंनी पाऱ्याची पेटी उघडली. "एकच हाये. बावीस वर्सं झाले, हेच वापरून राह्यली मी."

सुलोचनाबाईंनी काचेच्या नळीजवळच्या रेघा मोजल्या. शंभर ते एकशे दहा यांच्यामध्ये चारच बारीक रेघा. मग त्यांनी मागच्या महिन्याचे तक्ते मागवले. चाळीस निघाले. त्या तासभर ते चाळत बसल्या.

"काऊन एवढं पाहून राह्यल्या, बाई?"

"सवय," त्या म्हणाल्या.

दुपारी त्या वर्ध्याला देशकरांच्या दवाखान्यात पोचल्या.

"या मॅडम! तिसरी ताकीद आणली का?" देशकर हसले. "भिंतीवर जागा ठेवलीय. थकलेल्या दिसता. हात द्या बरं."

दंडावरचा पट्टा आपोआप फुगला, सैल झाला. पडद्यावर आकडे उमटले. १३३/८७.

"वाढलंय तुमचं."

"पाऱ्याचं नाही वापरत?"

"सहा वर्षांत हात लावला नाही. कानाला नळ्या लावून कोण बसणार!"

सुलोचनाबाईंनी बाही खाली ओढली.

दुसऱ्या दिवशी सुनावणीला नीलेश, तानबा, जयवंताबाई आणि देशकर असे चौघेही हजर होते. कारकून चिंधू वैद्य लिहायला बसला. सुलोचनाबाईंनी तक्ता टेबलावर ठेवला.

"पाऱ्याच्या मशीनवर एक रेघ म्हणजे दोन. विषम आकड्याला तिथे रेघच नसते. चाळीस तक्त्यांत जयवंताबाईंनी एकही विषम आकडा लिहिलेला नाही. रूपालीच्या एका तक्त्यात सहा आहेत."

"घाईत चुकली असेल बाई," देशकर म्हणाले.

"त्यांनी न मोजता मनाने आकडे घातले असते, तरी सवयीने समच घातले असते. नीलेशही पाऱ्यावरच शिकलेला. अक्षर जयवंताबाईंचं आहे, आकडे त्यांचे नाहीत. ते कुणी रचले? या खोलीत रोज विषम आकडे पाहणारा माणूस एकच आहे. काल त्यांनी आकडे दाखवणाऱ्या मशीनवर माझंच बीपी घेतलं, १३३/८७ आलं."

देशकरांचं हसू गेलं.

जयवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. "दुसऱ्या दिवशी सायबानं कागद देल्ला. म्हने, तुया अक्षरात उतरव. खरा तक्ता त्यायनंच नेला. त्यात तीनले नव्वद होतं, सव्वातीनले ऐंशी."

"मंग बोलली काऊन नाई?" तानबांचा आवाज चढला.

"नोकरी गेली असती, भाऊ."

सुलोचनाबाईंनी देशकरांना विचारलं, "अर्ध्या तासाची वाट. फोननंतर पाऊण तासाने पोचला असतात तरी चारच वाजले असते. का गेला नाहीत?"

"बाहेर तीस पेशंट बसले होते. वाटलं, पोरगा घाबरतोय उगाच. नवीन मुलं घाबरतात."

"मग हलवू नको का म्हणालात?"

देशकर म्हणाले, "चुकलं. लेखी मान्य करतो. ताकीद द्या, मॅडम. मागच्या वेळीही तुम्ही समजून घेतलं होतं."

"हो. मागच्या वेळी बाळ गेलं होतं, आणि तुम्ही तासभर उशिरा पोचला होतात. मी तुमच्या वीस वर्षांच्या सेवेचा विचार केला. त्याच्या आधीच्या वेळीही तोच केला." त्यांनी तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. "तेव्हा जे लिहायला हवं होतं, ते लिहिलं असतं तर रूपाली कदाचित तुमच्या भरवशावर राहिली नसती."

तानबा त्यांच्याकडे पाहत होते. नीलेशने मान खाली घातली होती.

चिंधूने सवयीने 'सक्त ता' एवढं लिहून टाकलं होतं. त्याने विचारलं, "मॅडम, सक्त ताकीदच ना?"

"खोडा ते," सुलोचनाबाई म्हणाल्या. "लिहा. डॉ. ढोक निर्दोष. डॉ. प्रभाकर देशकर यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून कायमचं काढावं, अशी माझी शिफारस आहे."