सव्विसाव्या मिनिटानंतर

कानात घालायच्या भारी इअरफोनची तुलना करायची आणि त्यावर पानभर मजकूर लिहून द्यायचा, हे माझं काम. सांगितलं की लोकांना आधी हसू येतं. तीस वर्षं मी कानाच्या दवाखान्यात होते. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बोट वर करा म्हणायचं. निवृत्त झाल्यावर एका दुकानाच्या मालकांनी विचारलं, आमच्याकडे येणारा माल ऐकून द्याल का? घरबसल्या होण्यासारखं होतं, फार बोलावंही लागणार नव्हतं. मी हो म्हटलं.

माझी पद्धत ठरलेली आहे. सकाळचं वाचन आणि प्रार्थना आटोपली की खिडकी लावते, टेबलावर मऊ कापड अंथरते, इअरफोनच्या रबरी टोप्या पुसून घेते. मग ओळीने चार ध्वनिमुद्रणं ऐकायची. एका बाईचं गाणं, एक व्हायोलिन, दगडी जिना उतरणारी माणसं, आणि चौथं म्हणजे एका खोलीची शांतता. दुकानात या चौथ्याची थट्टा होते. पण शांतता नीट ऐकवणं सगळ्यांत अवघड. हलक्या इअरफोनमध्ये ती नुसती पोकळी असते. चांगल्यामध्ये छत किती उंच आहे, दार उघडं आहे की लोटलेलं, एवढंसुद्धा कळतं.

ती खोली माझ्याच घरातली आहे.

रोज दुपारी तीन वाजता मी मौन धरते. बावीस वर्षं झाली. तीन माळा होईपर्यंत बोलायचं नाही, खुर्चीतून उठायचं नाही. चाळीस मिनिटं लागतात. गेल्या वर्षी एका दुपारी मनात आलं, एवढं शांत घर असतं, तर ही शांतताच कामासाठी धरून ठेवावी. रेकॉर्डर टेबलावर ठेवला, बटण दाबलं आणि बसले. आतल्या खोलीत ताई पडली होती. माझी थोरली बहीण. घरात आम्ही दोघीच.

सव्विसाव्या मिनिटाला तिने हाक मारली. "ऐकतेस का गं?"

एकदाच. आवाज अगदी साधा होता. चष्मा सापडत नसेल, पाणी हवं असेल. माझी वेळ तिला ठाऊक होती, तरी मधूनच ती अशी हाक मारायची. मग स्वतःच्याच लक्षात आलं की गप्प व्हायची आणि नंतर मला चिडवायची, देवाचं बरं आहे, त्याचं तू लगेच ऐकतेस. म्हणून मी माळ पुरी केली. उठून आत गेले तेव्हा ती गेलेली होती.

तिची मुलगी, माझी भाची, दूर राहते. त्या संध्याकाळी तिने फोनवर विचारलं, आई शेवटी काही बोलली का? मी म्हटलं, झोपेतच गेली. कळत्या वयात जाणूनबुजून बोललेलं ते माझं एकच खोटं. दर रविवारी तिचा फोन येतो, आणि दर रविवारी ते माझ्या घशाशी येऊन परत जातं.

खरं सांगायचं तर आधी खरं काय ते मला कळायला हवं होतं. हाक मारल्याबरोबर ती गेली, की उरलेली चौदा मिनिटं दाराकडे बघत पडून राहिली? डॉक्टर म्हणाले, इतकं बारीक नाही सांगता येत. दुकानाच्या मालकांपाशी एकदा एवढंच बोलून गेले होते, मी उठले नाही. रेकॉर्डर मात्र सगळा वेळ चालू होता. साध्या इअरफोनमध्ये त्या हाकेनंतर काहीच ऐकू यायचं नाही. त्याहून चांगल्यात भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. म्हणून नवा डबा आला की पहिली तीन मुद्रणं मी दुकानासाठी ऐकायची आणि चौथं माझ्यासाठी. मौन सोडून द्यावं असंही कितीदा वाटलं. पण आता सोडलं, तर तेव्हा का नाही सोडलं, हा प्रश्न दिवसभर पुढ्यात बसला असता.

या खेपेला तीन जोड्या आल्या. पहिली गाण्याला गोड, पण बाकी सगळ्यावर साय धरल्यासारखी. दुसरीत व्हायोलिनची तार बोटाखाली यावी इतकी स्पष्ट, अर्ध्या तासात कान शिणवणारी. तिसरी दिसायला अगदी साधी, काळसर, पेरूच्या बीएवढ्या जाळीची. ती कानात घातली आणि चौथं मुद्रण लावलं, तेव्हा मी आपोआप मागे वळून पाहिलं. मी माझ्याच खोलीत माझ्याच शेजारी बसल्यासारखं झालं होतं. मण्यावर मणी सरकत होता. हाक आली. आणि मग, घड्याळाच्या खाली, आतल्या खोलीतून श्वास ऐकू आला. ओढून घेतलेला, थांबत थांबत सोडलेला. तीस वर्षं ऐकण्यात घातलेली बाई मी. तो माझा नव्हता.

एकतिसाव्या मिनिटाला तो थांबला.

पाच मिनिटं. म्हणजे पाच मिनिटं ती होती. उठले असते तर भेटली असती. मी इअरफोन काढले, टोप्या पुसल्या, डबीत ठेवले. त्या दिवशी मजकूर लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातला केबल जोडणारा आला. त्याला सगळे तारवाला म्हणतात, तोही स्वतःची ओळख तशीच करून देतो. या जोडीची केबल निघते आणि तिच्या जागी कानामागे अडकवायचे दोन बिनतारी आकडे बसतात, म्हणून मालकांनी ते पाठवले होते. तार बरी की बिनतारी बरं, एवढं लिहून द्यायचं. तारवाल्याला त्या आकड्यांचा राग होता. सांगत होता, हवेतून आवाज पाठवायचा तर तो आधी चेपावा लागतो, चेपताना बारीकसारीक गोष्टी टाकून द्याव्या लागतात, आणि उरलेलं पोचतं तेही जरासं उशिरा.

"तुम्हाला काय ऐकू येणार यात काकू," तो म्हणाला. "तुमची ती शांतता तर यातून येणारच नाही. यंत्राला वाटतं, कोणी काही बोलतच नाहीये तर कशाला पाठवा."

मी त्याला चहा दिला. सोमवारी संध्याकाळी डबा न्यायला येतो म्हणून तो गेला.

आकडे बसवून मी गाणं ऐकलं. तारवाला म्हणाला होता तसंच होतं. शब्दांची टोकं बोथट झाली होती. व्हायोलिन बरं, जिना नुसता थपथप. हे सगळं कागदावर टिपलं आणि चौथं लावलं. घड्याळ नाहीसं झालं होतं. मणी नाहीसे झाले होते. खोलीला भिंतीच नव्हत्या. त्या सपाट पांढऱ्या शांततेत सव्विसाव्या मिनिटाला ताईने हाक मारली.

मग खुर्ची करकरली.

मी मुद्रण थांबवलं. ज्या खुर्चीत बसले होते तिच्यात मुद्दाम हलून पाहिलं. ती करकरली, पण कानात नव्हे, बाहेर. तारेची केबल परत लावून तोच भाग ऐकला. घड्याळ, मणी, हाक, घड्याळ, लांबचा श्वास. खुर्ची नाही. पुन्हा आकडे लावले.

हाक. खुर्ची. आणि कोणीतरी म्हणालं, "आले."

आवाज माझा होता. सकाळी दार उघडायला जाताना मी म्हणते तसाच, शेवट जरा ओढलेला.

पावलं आतल्या खोलीकडे गेली. दार लोटल्याचं कळलं.

ताई म्हणाली, "आज मौन नाही का?"

"तू हाक मारलीस ना."

यापुढे बराच वेळ काही नव्हतं, फक्त तिचा श्वास. पण तो आता ओढलेला नव्हता. लहानपणी आम्ही एका पांघरुणात झोपायचो, तेव्हा ती आधी झोपायची आणि मी जागी राहून तिचा श्वास ऐकायचे. तसा होता. एकतिसाव्या मिनिटाला तो हळूच संपला, आणि मला, देव मला क्षमा करो, बरं वाटलं.

मग पावलं परत आली.

ती बाहेरच्या खोलीत आली आणि मी बसले होते त्याच्या अगदी जवळ थांबली. पुन्हा खुर्चीचा आवाज झाला नाही. घरात दुसरीकडे कुठे कोणी गेलं नाही. पुढची नऊ मिनिटं माझ्या श्वासाच्या शेजारी आणखी एक श्वास होता. चाळिसाव्या मिनिटाला मी माळ ठेवली, "ताई?" म्हणाले, आणि मुद्रण संपलं.

आपले कान आपल्याला हवं ते ऐकवतात हे मला कोणी शिकवायला नको. दवाखान्यात अशी माणसं रोज यायची. आवाज बंद असतानाही बोट वर करायची, आणि ती खोटं बोलत नसायची. म्हणून मी शनिवारी दुकानात गेले. जिन्यामागच्या खोलीत तारवाला सोल्डरिंग करत बसला होता. त्याला काही सांगितलं नाही. बिनतारी जोडी पुढे केली, पंचविसाव्या मिनिटापासून ऐक म्हटलं, आणि त्याच्या तोंडाकडे न बघता भिंतीवर टांगलेल्या केबलींची वेटोळी बघत राहिले.

सुरुवातीला तो हसत होता, काकूंची शांतता म्हणून. मग हसू गेलं. ताईबद्दल त्याला ठाऊक होतं, घरी भेटायलाही आला होता. बऱ्याच वेळाने त्याने एकेक करून दोन्ही कानांतून काढले आणि टेबलावरच्या कापडाने पुसत राहिला, जसे मी पुसते.

"वर्षभर मनाला लावून घेतलंत," तो हळू आवाजात म्हणाला. "मालक सांगत होते, काकूंना वाटतं आपण उठलो नाही. गेलात की तुम्ही. लगेच गेलात."

"मी गेले नव्हते."

"ऐकू येतंय काकू."

मी त्याला तारेवर ऐकायला सांगितलं. त्याने केबल जोडली, ऐकलं, पिना काढून उलटसुलट लावून पाहिल्या, पुन्हा ऐकलं. मग संगणकावर मुद्रणाची रेघ काढली. हाकेपाशी एक उंचवटा होता. त्याच्यापुढे थेट माझ्या शेवटच्या हाकेपर्यंत सरळ रेघ. त्याने ती मोठी करून पाहिली. शेवटी म्हणाला की आकड्यांत काहीतरी बिघाड असेल, असा माल ठेवण्यात अर्थ नाही, सोमवारी येऊन घेऊन जातो. माझ्याकडे त्याने परत पाहिलं नाही. मला जिन्यापर्यंत सोडायला तो नेहमी येतो, त्या दिवशी आला नाही.

रविवारी भाचीचा फोन आला. थंडी पडलीये, नवीन घराची गॅलरी लहान आहे, असं बरंच काही सांगून झालं. मी म्हटलं, तुला एक सांगायचं आहे. तुझी आई झोपेत गेली नाही. तिने हाक मारली होती.



"मग?" तिने विचारलं.

"तिच्याजवळ गेलं होतं कोणीतरी. बोललं तिच्याशी. ती एकटी नव्हती."

"कोणीतरी काय गं मावशी. तूच ना?"

हो म्हणणं सोपं होतं. नाही म्हणणं खरं होतं, पण त्याच्यापुढे काय सांगायचं होतं? मी फोन धरून उभी राहिले. ती रडायला लागली, पण मोकळं, गाठ सुटल्यासारखं. म्हणाली, मला वाटायचं तू मौनात असशील, विचारायची भीती वाटायची. बरं झालं गेलीस. मग तिने माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला. ते माझं दुसरं खोटं. त्यात मी एकही शब्द उच्चारला नव्हता.

सोमवारी सकाळी मजकूर पुरा केला. गाणं ऐकणाऱ्याने तिसरी जोडी घ्यावी, तारेवरच घ्यावी, असं लिहिलं. बिनतारीविषयी लिहिलं की सोयीचं आहे. आकडे डबीत घालून डबा टेबलावर तयार ठेवला.

तीन वाजता बसले. पहिली माळ झाली. दुसरी निम्म्यावर आली असेल, तेव्हा दाराची घंटा वाजली. तारवाला संध्याकाळी येणार होता. लवकर आला असावा. मी हलले नाही. पुन्हा वाजली.

"काकू, आहात का?" बाहेरून हाक आली.

कानात काहीही नव्हतं. खिडकी उघडी होती, रस्त्यावरून कोणीतरी सायकल ढकलत नेत होतं.

आतल्या खोलीतून माझाच आवाज आला, "आले."

पावलं बाहेरच्या खोलीत आली. माझी खुर्ची आणि टेबल यांच्यामध्ये जागा थोडी आहे, एका वेळी एकच माणूस जाऊ शकतं.

मी पाय आत ओढून घेतले.