माझ्या नावावरची हिरवी मशीन

दार उघडलं तेव्हा त्याच्या गळ्यात व्हॅक्युम क्लीनरचा पाइप होता. आणि मी त्याला व्हॅक्युम क्लीनर विकायला आले होते!

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. मी तेव्हा एका कंपनीची मशीन घेऊन पनवेलभर दारोदार फिरायचे. खांद्याला बॅग, हातात फोल्डर आणि तोंडात पाठ केलेलं भाषण. ते एकदा सुरू झालं की माझं मलाच थांबवता यायचं नाही.

"नमस्कार सर, आपल्या घरातली न दिसणारी धूळ—"

"मशीन नकोय हो," तो म्हणाला. "अकरा आहेत."

"अ... अकरा?"

"बारावी दुरुस्त होतेय." त्याने गळ्यातला पाइप हलवून दाखवला. "पण आत या ना, उन्हातून आलात."

आत गेले आणि बघतच राहिले. भिंतीला लागून एकीशेजारी एक मशिनी! एक उभी, तिच्या दांड्याला कापडी पिशवी लोंबत होती. एक पिंपासारखी गोल. आणि एक लांबुडकी, हिरवी, खाली लोखंडाच्या दोन पट्ट्या असलेली, ओढत न्यायची. तेवढ्यात त्याची आई पाणी घेऊन आली.

"लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात," आशालताकाकू मला म्हणाल्या, "आमचा इंद्रजीत विजेच्या केरसुण्या जमवतो. सांग बाई, अशाला मुलगी कोण देणार?"

"आई!" तो कानापर्यंत लाल झाला. मला हसू आवरेना.

पण मी हट्टाला पेटले. डेमो दिल्याशिवाय मी कुणाचं घर सोडत नसे. नळीच्या तोंडाला पांढरा रुमाल लावला, मशीन गादीवर फिरवली आणि रुमालावरचा काळा गोल त्याच्या नाकासमोर धरला. हा गोल पाहिला की भल्याभल्या गृहिणींचा चेहरा उतरायचा. हा पठ्ठ्या मात्र खुलला.

"एकोणीसशे एक साल," तो म्हणाला. "लंडनच्या एका इंजिनियरने खुर्चीवर असाच रुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. जीव घुसमटला बिचाऱ्याचा. पण रुमालाखाली बघतो तर काळा गोल! मग त्याने मशीन बनवली. एवढी मोठी की घोडागाडीवरून न्यायची. ती रस्त्यात उभी आणि पाइप खिडकीतून घरात. लोक पाहुणे बोलावून चहा पीत बघत बसायचे. तुम्ही जे करता ना, ते त्याचंच आहे."

दोन वर्षं मी हेच करत होते आणि मला काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. इतका राग आला! त्याच्यावर की स्वतःवर, कोण जाणे.

"आणि ही हिरवी?" मी विचारलं.

तो तिच्यापाशी वाकला. "ही बाबांची. ते मुंबईत एका बंगल्यावर कामाला होते. मालक गावाला परत जाताना देऊन गेले. मी शाळेत होतो... आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त केली. माझी पहिली मशीन. आतली पिशवी फाटली होती, तर आईने आपल्या जांभळ्या साडीची शिवली." मग हळूच म्हणाला, "बाबांना जाऊन दोन वर्षं झाली."

त्याचा हात हिरव्या पत्र्यावर होता. मी भाषण विसरले.

त्यानंतर मी त्याच्या घरी का जात राहिले? कारण होतं ना! मी रोज दहा घरं बघायचे. कुणाच्या पलंगाखाली, कुणाच्या माळ्यावर जुनी मशीन दिसली की पत्ता त्याला नेऊन द्यायचा. तळ्याजवळ त्याचं जळालेल्या मोटरमध्ये नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. मला बघितलं की तो स्टुलावरचा पंखा माझ्याकडे वळवायचा. बोलायचा काही नाही, नुसता वळवायचा. मी खूश व्हायचे.

एकदा तर आम्ही पार करंज्याला गेलो. मालू नावाच्या कोळणीकडे अगदी बाबांच्या मशीनसारखीच हिरवी मशीन होती. ती मागच्या बाजूने हवा सोडते ना, म्हणून मालूने ती चुलीजवळ ठेवली होती.

"आमी नाय देनार," मालू म्हणाली. "माजी चूल कोन फुकंल?"

इंद्रजीतने तिला टेबलफॅनची मोटर लावून भाता करून दिला, तेव्हा कुठे बाई विरघळली. वर म्हणाली, "जोडा चांगला हाय तुमचा." त्याने लगबगीने स्कूटरला किक मारली. चार वेळा मारली. स्कूटर काही सुरू होईना.

मशीनला सुक्या मासळीचा असा दणदणीत वास होता की काकूंनी नाकाला पदर लावला. वास सगळा पाइपात मुरला होता, पण पाइप होता धडधाकट. इंद्रजीतने तो काढून बाबांच्या मशीनला बसवला. या पाइपने पुढे काय घोटाळा केला, ते सांगतेच.

आमच्या कंपनीने तेव्हा एक्स्चेंज काढलं — जुनी मशीन द्या, नवी घ्या. जुन्या मशिनी कळंबोलीच्या गोदामात जायच्या, तिथे हातोड्याने फोडायच्या. महिना संपत आला तरी माझ्याकडून एकही जुनी मशीन गेली नव्हती. साहेब रोज झापायचे. काकूंकडे चहा पिताना मी तेवढं रडगाणं गायले होते, बस्स.

पुढच्याच आठवड्यात कामोठ्यातल्या एका घराच्या माळ्यावर दिसलेल्या मशीनचा पत्ता घेऊन मी नाचत त्याच्या घरी गेले. तो दोन दिवस पुण्याला जाऊन नुकताच परतला होता. काकू पेणला बहिणीकडे गेल्या होत्या. कोपऱ्यात आमच्या कंपनीची नवीकोरी मशीन उभी होती आणि भिंतीला लागून... एकच हिरवी होती. मालूची, पाइप काढलेली.

इंद्रजीतने पावती माझ्यापुढे धरली. प्रतिनिधी, असं छापलेलं. पुढे माझं नाव.

"तुम्ही आईला पटवलंत?"

"मी? नाही हो! मला तर हे—"

"बाबांची होती ती, रुचिरा."

इतके दिवस मॅडम, मॅडम करायचा. पहिल्यांदा नाव घेतलं, ते असं. मला रडूही येईना. उलट असा संताप आला की मी पत्ता त्याच्या टेबलावर आपटला आणि जिना उतरले. पण रात्रभर डोळ्यांसमोर त्या हिरव्या पत्र्यावरचा त्याचा हात. ती मशीन फुटली तर तो मला माफ करील? आणि केलं तरी मी स्वतःला करीन?

सकाळी गोदाम उघडायच्या आत मी कळंबोलीत हजर. गेटवर स्कूटर दिसली. तोही आला होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. आतून दण्... दण्... हातोड्याचे आवाज येत होते. मी आत धावले.

काशिराम म्हणून रोडपालीचा माणूस होता, हातोडा त्याच्याकडे. त्याच्यामागे फुटक्या मशिनींचा ढीग आणि त्यात हिरवे पत्रे. हिरवे!

"काका, परवा पनवेलहून एक हिरवी..." मी ढिगाकडे बोट दाखवलं. "रुचिरा नावाच्या..."

"ती व्हय? ती नाय फोडली."

"नाही फोडली?" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

"कशी फोडू? जिच्या नावाव आली तिनं येऊन सही केल्याबिगर हातोडा लावायचा नाय. तसा नियमच हाय." त्याने मला खालून वर न्याहाळलं. "रुचिरा तूच काय? मंग बरोबर. सगली पोरं येऊन सया करून जातात, तू कदी आलीच नाय. म्हयनाभरात तुज्या नावाव एक मशीन नाय. ही पयली. तीपन तू नाय दिली. मशिनी आननारा गाडीवाला सांगत होता, एक बाय मागंच लागली, पोरीला साहेब वरडतात, तिच्याच नावाव लिव. आनि बोलली, दोनातली वास येती ती न्या."

वास! काकूंना मालूचीच मशीन द्यायची होती. पण वास पाइपाबरोबर बाबांच्या मशीनला गेला होता.

इंद्रजीत माझ्याकडे बघत होता. मी मुद्दाम छपराकडे बघितलं.

काशिरामने आत बोट दाखवलं. तीन हिरव्या मशिनी धुळीत पडल्या होत्या. मी सरळ वाकले आणि वास घेत सुटले! तिसरीपाशी नाकात मासळी शिरली. इंद्रजीतने झाकण उघडलं. आत जांभळी साडी होती, काकूंच्या बारीक टाक्यांची. तो तिथेच जमिनीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसत होता. मीही बसले. मला वाटलं, आता रडले तरी चालेल, म्हणून रडले.

त्याने खिशातून रुमाल काढून दिला. मी तोंड पुसलं तर रुमालावर ही मोठी काळी खूण.

"डेमो छान झाला," तो म्हणाला.

"बोलू नका माझ्याशी."

"चुकलो मी. साफ चुकलो." मग आवाज खाली आला. "महिनाभर एकही मशीन का दिली नाहीत कंपनीला?"

"सगळे पत्ते तुम्हाला देत होते ना... डोकं आहे की नाही तुम्हाला?"

त्याने मशीनचं झाकण लावलं. बाहेर काशिरामचा हातोडा पुन्हा सुरू झाला होता.

"रुचिरा," या वेळी त्याने नाव अगदी जपून घेतलं, "जी तुमच्या नावावर असते, तिला तुमच्या सहीशिवाय कुणी हात लावत नाही, असा नियम आहे ना?"

"ऐकलंत की आत्ता."

"मग... मलाही घ्या ना तुमच्या नावावर."

 मी रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"आमच्याकडे एकदा दिलेली वस्तू परत मिळत नाही," मी म्हटलं.

"नको मला परत."

"आणि भांडण झालं की पावती नाकासमोर धरायची नाही."

"नाही धरणार."

"मग घेतलं," मी म्हटलं आणि काशिरामकडे धावले. मशीन परत नेण्याच्या कागदावर सही करायची होती. इतक्या घाईत केली की माझी सही मलाच ओळखू येईना.

स्कूटरवर मशीन माझ्या मांडीवर, पाइप माझ्या गळ्यात.  कामोठ्याजवळ त्याने विचारलं, "आईला काय सांगायचं? तिला कळलं, कुठली मशीन दिली होती, तर जीवाला लावून घेईल."

मी मशीन घट्ट धरली आणि पहिल्यांदाच त्याच्या पाठीला डोकं टेकलं.

"सांग," मी म्हटलं, "की त्यांनी योग्य नावावर दिली होती. आणि तू समोर बघून चालव."