आते सोलची खूण

"नको ना काकू! प्लीज... ते नको करूस."

स्वरालीच्या चेहऱ्यावरून उतरत आलेले दुर्गाचे हात हवेतच थांबले. दारात बूट घालायला वाकलेली स्वराली ताठ झाली आणि तिनं आपला चेहरा असा मागे घेतला, जणू त्या हातांना विस्तव लागला होता... दुर्गानं हात हळूच पदराआड नेले. खरं तर ती पदर असलेली साडी नव्हतीच, घरातला जुना कुर्ता होता आणि त्यावरची ओढणी. पण लपवायचं म्हटलं की बाईच्या हातांना अजून पदरच आठवतो!

तसंही ती बोटं आता मोडायची नाहीत. बेंतोच्या कारखान्यातल्या थंडगार खोलीत वर्षानुवर्षं भाताचे डबे भरून तिचे सांधे सुजले होते. पूर्वी स्वरालीच्या तोंडावरून हात उतरवून दुर्गा आपल्या कानशिलांवर बोटं मोडायची, तेव्हा फुटाणे फुटल्यासारखा आवाज यायचा आणि ती इवलीशी पोर खिदळून म्हणायची, "आई, अजून!"

आई...! तो शब्द या घरातून गेला त्याला किती वर्षं झाली!

"मी टाकून नाही जात आहे तुला," पिवळ्या टी-शर्टची कॉलर नीट करत स्वराली म्हणाली. आवाज कोरडा होता. "पण माझ्या खऱ्या आईला विचारणार आहे आज. मला घेऊन जा म्हणून. पासपोर्ट घेतलाय मी."

"विचार हो," दुर्गा म्हणाली. "डबा घेतलास?"

स्वराली काहीतरी जपानीत पुटपुटली आणि दार ओढून घेऊन निघून गेली. स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं वेगळी करत उभे असलेले तिचे यजमान चंद्रशेखर तोंड वर न करता म्हणाले, "दुर्गे, कचरासुद्धा या देशात वेगवेगळा करून टाकतात. तू एवढं खोटं एकाच पिशवीत भरून बसलीस... एकदा सांगून टाक पोरीला खरं."

"तुम्ही बाटल्या धुवा," दुर्गा म्हणाली.

खरं! काय होतं खरं? खरं एवढंच होतं की धाकटा दीर सुशील, टोकियोतल्या फुनाबोरीत त्यांच्याच घरी राहणारा हसरा इंजिनियर, एका क्लबात गाणाऱ्या मारिसोल नावाच्या फिलिपिनी मुलीच्या प्रेमात पडला, लग्न करून तिला घरी घेऊन आला, आणि त्यांची स्वराली रांगायला लागायच्या आत सायकलवरून येताना एका ट्रकखाली गेला. मारिसोल सुन्न झाली होती. पुढे मनिलाहून एका दिग्दर्शकाचा निरोप आला. नायिकेची भूमिका, पण नायिका कुमारिका हवी, मूलबाळ असल्याचं कुणाला कळता कामा नये. तिकडचे चाहते आपल्या नटीला घरातलीच मानतात, तिच्यासाठी जीव टाकतात आणि तिचं काही लपलेलं निघालं तर तितक्याच त्वेषानं तिला टाकूनही देतात! मारिसोल तयार झाली. दुर्गानं तिची बॅग धरून ठेवली, पाया पडायची तेवढी राहिली... "अगं, लेकराकडे बघ! सिनेमा काय, गाणं काय, इथंही होईल!" मारिसोलनं तिच्या मुठीतून बॅग सोडवून घेतली. मग दुर्गानं डोळे पुसले आणि जाणाऱ्या जावेच्याच तोंडावरून हात उतरवून कडाकडा बोटं मोडली. रागावून पाठवायचं तिला जमलं नाही.

आणि मग ती पोर तिची झाली. स्वतःच्या मुलासाठी चाललेले इस्पितळातले उपचार दुर्गानं मध्येच थांबवले. डॉक्टरीणबाई परत परत विचारत होत्या, आणि दुर्गाला जपानीत नीट सांगता येत नव्हतं की घरात एक आहे, दुसरं आलं तर या पहिलीचं काय होईल!

स्वराली आठ वर्षांची असताना गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी बाई सहज बोलून गेली, "हीच ना ती? नटीची मुलगी?" त्या संध्याकाळी स्वरालीनं खाली मान घालून विचारलं होतं, "माझी खरी आई मला टाकून का गेली? मी वाईट होते का?"

मी वाईट होते का...! त्या चार शब्दांनी दुर्गाचं काळीज चिरलं. तिला दुसरं काही सुचलंच नाही. "नाही गं राणी! तू कुठली वाईट? मी वाईट. मीच तिला घराबाहेर काढलं. ती तुला मागत होती, मीच दिलं नाही."

पोरीनं ते मान्य केलं. तिच्या डोळ्यांतली ती विचारणा विझली, आणि तिच्या जागी दुर्गाबद्दलचा द्वेष येऊन बसला. दुसऱ्या सकाळी शाळेला निघताना ती म्हणाली, "येते, काकू."

त्या दिवसापासून दुर्गा काकूच होती.

दुपारी खालच्या मजल्यावरची फिलिपिनी टेस आली. वृद्धाश्रमात काम करणारी, टोकियोतल्या मारिसोलच्या चाहत्यांची म्होरकी. टेसच्या घरात देवाच्या तसबिरीशेजारी मारिसोलचे फोटो होते. 'आते सोल' म्हणायची ती तिला, म्हणजे सोलताई. आपल्या सिनेमावेडात स्वरालीचं नक्की काय गुंतलंय हे त्या बापडीला ठाऊक नव्हतं. तिला वाटे, पोरगी अर्धी आपली आहे, म्हणून येते.

"दुर्गा-सान, चला! आमच्या बायकांनी अख्खं थिएटर घेतलंय आज. एकीला ऐनवेळी ड्यूटी लागली, एक खुर्ची रिकामी आहे. आते सोल स्वतः येणार! या सिनेमासाठी तिला मनिलात मिळाला, युरोपात मिळाला, आता आणखी कुठला पुरस्कार राहिलाय?"

नको म्हणता म्हणता दुर्गा निघाली. निदान शेवटचं बघून घ्यावं पोरीला... विमानतळावर तर कोण नेणार होतं तिला?

थिएटरबाहेर पिवळ्या टी-शर्टांची रांग लागली होती. कारखान्यातून, वृद्धाश्रमांतून, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतून सुटून आलेल्या बायका. कुणी रात्रपाळी करून थेट आलेली, कुणी दोन गाड्या बदलून त्सुकुबाहून आलेली. सगळ्या लिपस्टिक लावून, माहेरच्या लग्नाला आल्यासारख्या. स्वराली आत होती, फुलं द्यायचा मान टेसनं तिला दिला होता.

"आणि हे शिकून घ्या," टेस म्हणाली. "आते सोलची खूण! नाताळात मनिलाला सिनेमा पाहिला ना मी, तिकडे सगळं थिएटर उठून हे करतं. आता बघा..."

तिनं दोन्ही हात दुर्गाच्या चेहऱ्यावरून उतरवले आणि आपल्या कानशिलांवर नेऊन मुठी दाबल्या.

दुर्गाला घरातला तो जुना पाळणा आठवला.

नकळत तिचे हात वर गेले. टेस हसली. "अंहं, असं नाही, दुर्गा-सान! तुम्ही फार खाली नेताय. आते सोल बघा कशी करते, अंगठे आत!"

"असं?" दुर्गानं अंगठे आत घेतले.

"हां! जमेल हळूहळू."

अंधारात सिनेमा सुरू झाला. हरवलेल्या मुलाला वीस गावं धुंडाळणारी आई मारिसोलनं केली होती. ती दारोदार जाई, दिसेल त्या पोराला जवळ घेई, आणि दरवेळी त्याच्या तोंडावरून हात उतरवून बोटं मोडी. ते मान किंचित कलती करणं, ओठांतल्या ओठांत 'इडापिडा टळो' म्हटल्यागत पुटपुटताना डोळे मिटणं... सगळं दुर्गाचं होतं! फुनाबोरीतल्या त्या दोन खोल्यांतलं, पाळण्याजवळचं, स्वतःलाही कधी न दिसलेलं आपलं वात्सल्य दुर्गा पडद्यावर बघत होती, आणि तिच्या आजूबाजूला पाचशे बाया हुंदके देत होत्या. आपल्या देशात आपापली मुलं आजीपाशी ठेवून आलेल्या त्या बाया! दुर्गाला एकदम त्यांची माया आली. त्यांच्या रडण्यात खोटं काही नव्हतं.

दिवे लागले. मारिसोल मंचावर आली आणि थिएटर उठलं. पाचशे जोड्या हात कानशिलांवर गेले. कडाकड आवाज झाला... एवढ्या मोठ्या सभागृहात हात मांडीवर ठेवून बसली होती ती एकटी दुर्गा.

एका जपानी पत्रकार मुलीनं विचारलं, "ती बोटांची खूण फार हृदयस्पर्शी आहे. ती तुमच्याकडे कुठली प्रथा आहे का? तुम्हाला कुठे सापडली?"

मारिसोलनं माईक जवळ घेतला. दुर्गा खुर्चीत पुढे सरकली... सांग गं! नाव नको घेऊस. एवढंच म्हण, एक बाई होती.

"कुठून आली नाही ती," मारिसोल गोड हसली. दुभाषी तिचं बोलणं जपानीत सांगत होता. "माझ्या आतूनच आली. देवानं मला मूल दिलं नाही. पण आईचे हात दिले."

टाळ्यांचा कडकडाट झाला! आणि मंचाच्या कडेला फुलं धरून उभी असलेली स्वराली पांढरीफटक पडली होती.

तिनं फुलं दिली. पुढे वाकून मारिसोलच्या कानात काही बोलली. मारिसोलचं हसू कॅमेऱ्यांसाठी तसंच राहिलं, पण फुलांचा कागद तिनं मुठीत चुरगळला. स्वराली मंचावरून उतरून सरळ दुर्गाच्या रांगेत आली. ती कधी दिसली होती तिला, कुणास ठाऊक!

"चल," ती म्हणाली. "तू पण चल. तुझ्यासमोर विचारायचंय."

मंचामागच्या छोट्या खोलीत मारिसोल आरशाला पाठ करून उभी होती. दुर्गाला पाहताच तिच्या तोंडून निघालं, "वहिनी...!" तेवढा एक मराठी शब्द तिनं जपला होता.

पुढचं सगळं जपानीत झालं. तिघींच्यात तेवढीच एक भाषा होती.

"हिनं तुला घराबाहेर काढलं ना?" स्वराली म्हणाली. "मला मागत असताना दिलं नाही ना? मग मला एक सांग. जिनं तुला हाकललं तिचेच हात का घेतलेस तू? मला रोज शाळेत जाताना हीच करायची हे! कुणाच्या आतून आलं ते?"

मारिसोलनं दुर्गाकडे पाहिलं. आपल्याबद्दल या घरात काय सांगितलं गेलंय, हे तिला त्या क्षणी कळलं. दुर्गानं डोळ्यांनीच विनवलं, हो म्हण... आणि ती काही बोलायच्या आत स्वतःच घाईनं बोलली, "हो, मीच काढलं तिला! सांगितलंय ना मी तुला!"

"वहिनी, नको!" मारिसोल मटकन खुर्चीत बसली. "आता नको... नाही हाकललं हिनं मला. माझी बॅग धरून रडत होती ही. मीच सोडवून घेतली. मला मोठं व्हायचं होतं, आणि तू... तू पाळण्यात झोपली होतीस. मी दारात पोचले तर हिनं माझ्याही तोंडावरून हात फिरवले. माझी सख्खी आईसुद्धा तसं कधी वागली नव्हती. त्या घरातलं तेवढंच माझ्याजवळ उरलं, ते मनात जपलं आणि या सिनेमात तेच केलं. त्यावरच पुरस्कार घेत आले."

बाहेरून तिच्या मदतनिसानं दार ठोठावलं. "फोटोवाले थांबलेत."

"पण बाहेर मला हे बोलता येणार नाही," ती कुजबुजली. "ती सगळी माणसं... माझ्यावर जगतात ती. तुला समजतंय ना?"

"समजतंय," स्वराली म्हणाली. "नाही सांगणार कुणाला."

मारिसोलनं तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. स्वराली हलली नाही. ते हात तसेच मिटले गेले. मग मारिसोल उठली, आरशात डोळ्यांखालचं काजळ नीट टिपलं, ओठ रंगवले आणि दार उघडून बाहेर गेली. बाहेर पुन्हा तोच कडकडाट झाला.

फुनाबोरी स्टेशनच्या पायऱ्या उतरल्यावर रात्रभर उघड्या असणाऱ्या कोनबिनी दुकानाच्या उजेडात स्वराली थांबली.

"का केलंस असं? इतकी वर्षं मी... मी तुझा हात अंगाला लागू दिला नाही गं! तू का ऐकून घेतलंस?"

"तू विचारलंस, मी वाईट होते का म्हणून," दुर्गा म्हणाली. "माझा राग करत तू मोठी झालीसच की. पण आपण नकोशा होतो असं वाटत मोठी झाली असतीस, तर वाकली असतीस बाळा. मला ते बघवलं नसतं."

"आणि तुझं काय?"

आपलं काय, हे दुर्गाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. गेलेली वर्षं कुणी परत देणार नव्हतं. मांडीवरचं लेकरू काकू काकू म्हणत वाढलं, ते बालपण आता पडद्यावरसुद्धा दिसणार नव्हतं.

"चल, घरी भात गार होतोय," ती म्हणाली.

स्वराली हलली नाही. तिनं दोन्ही हात वर केले, दुर्गाच्या सुरकुतल्या गालांवरून हळूहळू खाली उतरवले, आणि आपल्या कानशिलांवर नेऊन दाबले. कोवळी बोटं कडाकडा मोडली... शेजारून जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला.

"अगं पुरे!" दुर्गानं तिचे हात धरले. "बोटं दुखतील तुझी."

"दुखू देत," स्वराली म्हणाली. मग नाक पुसत, अगदी रोजच्यासारखी पर्स चाचपत पुढे म्हणाली, "आई, किल्ली तुझ्याकडे आहे ना? मी माझी सकाळी मुद्दामच घरी ठेवून आले होते."